भीमगडचे लाकूड सीमेपलीकडे कसे जाते आणि ते नेमके कोठे अडवावे

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील एका तरुणाचा प्रश्न असा आहे : भीमगड अभयारण्याच्या कडेला रात्री झाडे तुटतात, लाकूड महाराष्ट्रात चंदगडकडे किंवा चोर्ला घाटाने गोव्याकडे जाते, हे गावात सर्वांना ठाऊक आहे, नाके आहेत, गस्त आहे, अधूनमधून गाड्याही पकडल्या जातात, मग तोड थांबत का नाही, आणि आम्ही गावकऱ्यांनी करायचे तरी काय? माझी वन खात्यातील बहुतेक नोकरी याच पट्ट्यात झाली आणि निवृत्तीनंतरही गावांच्या वन समित्यांबरोबर माझे काम चालू आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तोड थांबत नाही याचे मुख्य कारण असे की आपले सारे लक्ष रस्त्यावरच्या गाडीवर असते. चोरीचे लाकूड सीमा ओलांडून काही तास झाले की ते चोरीचे राहत नाही. त्याला दुसऱ्या राज्यातील कोणाच्या तरी मालकी जमिनीचा सर्व्हे नंबर मिळतो, वाहतूक परवाना मिळतो आणि त्यानंतर ते दिवसाढवळ्या वखारीत उतरवले जाते. त्यामुळे जंगलात तोडीनंतर उरलेला बुंधा आणि वखारीतील परवाना यांचा मेळ घालणारी तपासणी जोवर नियमित होत नाही, तोवर नाक्यावर पकडलेली प्रत्येक गाडी ठेकेदाराच्या हिशेबात किरकोळ तोटा म्हणूनच मांडली जाते.

आधी भूगोल पाहू. भीमगड अभयारण्य २०११ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे. त्याला लागून पश्चिमेस गोव्याचे म्हादई अभयारण्य आहे, ते १९९९ सालचे आणि सुमारे २०८ चौरस किलोमीटरचे. दक्षिणेकडे हेच रान काळी व्याघ्र प्रकल्पापर्यंत जाते. उत्तरेकडे चंदगड आणि आंबोलीची राने आहेत, आणि घाटाखाली दोडामार्ग तालुक्यात २०२० साली घोषित झालेले तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. वाघ, गवा आणि अस्वल यांच्या दृष्टीने हे एकच अखंड रान आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्याचे तीन तुकडे आहेत. कर्नाटकात १९६३ चा कर्नाटक वन अधिनियम लागू होतो, तर महाराष्ट्र आणि गोव्यात १९२७ चा भारतीय वन अधिनियम आपापल्या दुरुस्त्यांसह चालतो. खासगी जमिनीवरील झाडांसाठी कर्नाटकाचा १९७६ चा, महाराष्ट्राचा १९६४ चा आणि गोव्याचा १९८४ चा असे तीन वेगळे कायदे आहेत. कणकुंबीहून निघालेली गाडी थोड्याच वेळात गोव्याच्या हद्दीत असते, आणि राकसकोपहून महाराष्ट्रातील तुडये किंवा बाचीहून शिनोळी गाठायला तर त्याहूनही कमी वेळ लागतो. एवढ्या वेळात गाडीतील माल, चालक आणि मालक तेच असतात, पण त्यांना लागू होणारे नियम, परवान्याचा नमुना, परवान्याची भाषा आणि तो तपासणारा अधिकारी हे सारे बदललेले असते.

लाकूडही एकाच प्रकारचे जात नाही. शिसव आणि सागवान यांना फर्निचरसाठी भाव आहे. त्यांत शिसवाचा व्यवहार अधिक छुपा असतो, कारण २०१७ पासून शिसवाचा संपूर्ण वंश साईटिस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि निर्यातीसाठी त्याचे कायदेशीर मूळ दाखवावे लागते. ऐन, किंदळ, नाणा, जांभा आणि बिबळा ही इमारती लाकडे बांधकामाकडे जातात. घाटाखाली खैराची तोड कातासाठी होते. नरक्या या लहानशा झाडाची गोष्ट निराळी आहे. त्याला इमारती लाकूड म्हणून किंमत नाही, पण त्यातून कर्करोगावरील औषधांसाठी लागणारे कॅम्पटोथेसिन मिळते, म्हणून चंदगड आणि आंबोलीच्या बाजूला त्याची मुळासकट तोड झाली. झाड लहान असल्यामुळे ते गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि सर्वांत मोठ्या प्रमाणावर, सर्वांत कमी चर्चेत जाते ते जळाऊ लाकूड : वीटभट्ट्या, गुऱ्हाळे, बेकऱ्या, बॉयलर. त्याला किंमत कमी म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते, पण त्याच गाडीत तळाशी चार नग शिसवाचे असतात, हे नाक्यावर काम केलेल्या प्रत्येक गार्डाला माहीत आहे.

आता चोरीच्या लाकडाला कागद कसा मिळतो ते सांगतो. समजा सीमेपलीकडे एका शेतकऱ्याच्या मालकी जमिनीतील झाडे तोडण्याची परवानगी ठेकेदाराने काढली. अर्जात झाडांची संख्या आणि घेर प्रत्यक्षापेक्षा वाढवून दाखवलेला असतो. त्या जमिनीतून खरोखर निघणारे लाकूड आणि परवान्यात लिहिलेले लाकूड यांत जी तफावत राहते, तीच ठेकेदाराची खरी कमाई. ती जागा भरायला अभयारण्यातील ओंडके येतात. दुसरी रीत म्हणजे एकाच परवान्यावर दोन-तीन खेपा करणे. परवान्याची मुदत दिवसांत दिली आणि निघण्याची वेळ लिहिली नाही, तर पहिली खेप वखारीत उतरवून तोच कागद पुन्हा वापरता येतो. तिसरी रीत हातोड्याची. तोडीनंतर प्रत्येक नगावर आणि बुंध्यावर खात्याचा हॅमर मारला जातो, पण ठसा अस्पष्ट असला किंवा नगाचे टोक कापून टाकले, तर कोणता नग कोणत्या बुंध्याचा हे सांगता येत नाही. या तिन्ही रीतींत जंगलात गेलेल्या माणसाचा वाटा मजुरीपुरता असतो. नफा परवाना मिळवणाऱ्याचा असतो.

अशा एका प्रकरणाची तपासणी दोन्ही राज्यांच्या कर्मचाऱ्यांनी एकत्र केली, तेव्हा मी हजर होतो. परवान्यावर ऐन आणि किंदळाचे मोठे नग होते आणि तोड पंधरवड्यापूर्वीची दाखवली होती. आम्ही सातबारा घेऊन त्या गटात गेलो, तर तेथे काजूची चांगली वाढलेली बाग होती. काजूच्या ओळींमध्ये काही बुंधे होते खरे, पण त्यांना वाळवी लागून ते हाताने कुसकरत होते, आणि एका ऐनाच्या बुंध्याला फुटलेले धुमारे माणसाच्या उंचीचे झाले होते. पंधरा दिवसांत धुमारा एवढा वाढत नाही. शिवाय त्या आकाराचे ऐन तेथे उभे असते, तर त्यांच्या सावलीत काजूची बाग अशी फोफावली नसती आणि झाडे पाडताना ओळी मोडल्या असत्या. एवढ्या पाहणीनेच परवाना खोटा ठरला. त्या लाकडाचे खरे बुंधे मग आमच्या हद्दीत शोधायला लागले, आणि ते मिळालेही, कारण काय शोधायचे आणि किती घेराचे शोधायचे हे आता ठाऊक होते.

म्हणून बुंध्याची नोंद हे माझ्या मते सर्वांत मोलाचे काम आहे आणि नेमके तेच सर्वांत उरकून टाकले जाते. तोड झाल्याचे कळले की त्या जागी चार गोष्टी त्याच दिवशी टिपून ठेवायला हव्यात : झाडाची जात, कापलेल्या जागेचा घेर, जमिनीपासून कापाची उंची आणि मोबाइलमधील अक्षांश-रेखांश. घेर मोजताना टेप सालीवरून घेतली की साल काढून घेतली हेही लिहावे, कारण वखारीतील नग बहुधा सोललेला असतो आणि जाड सालीच्या झाडात तेवढ्यानेच मापात फरक पडतो. कापाच्या पृष्ठभागाचा सरळ वरून, टेप आडवी ठेवून फोटो घ्यावा. सागाच्या बाबतीत या फोटोला विशेष मोल आहे, कारण सागाची वार्षिक वलये स्पष्ट दिसतात. नैसर्गिक जंगलातील जुन्या सागाची वलये बहुधा दाट असतात, लागवडीतील सागाची रुंद असतात, आणि बुंध्यावरील पोकळी, चीर किंवा वाकलेला गाभा नगाच्या खालच्या टोकाशी जुळवून पाहता येतो. कापावर साखळी-करवतीच्या खुणा आहेत की हाताच्या करवतीच्या, हेही लिहून ठेवावे. बुंध्यावर माती आणि पालापाचोळा टाकलेला असेल किंवा तो जाळलेला असेल, तर तसा फोटो आधी घ्यावा आणि मगच साफ करावे.

यापुढचा हिशेब साधा आहे, पण तो दोन्ही राज्यांत एकाच सूत्राने करायला हवा. आपल्याकडे गोल लाकडाचे माप पुष्कळदा चौथाई घेराच्या पद्धतीने काढतात. १२० सेंटिमीटर घेर आणि ३ मीटर लांबीच्या नगाची चौथाई ०.३० मीटर, तिचा वर्ग ०.०९, त्याला ३ ने गुणले की ०.२७ घनमीटर. हाच नग पूर्ण गोल धरून मोजला तर सुमारे ०.३४ घनमीटर भरतो. एका कागदावर एक पद्धत आणि दुसऱ्यावर दुसरी असेल, तर पाचव्या हिश्शाहून अधिक लाकूड केवळ गणितात लपून जाते, आणि तपास अधिकारी तफावत मान्य करून पुढे जातो. झाडांच्या नावांचेही तसेच आहे. बीटे म्हणजे शिसव, होन्ने म्हणजे बिबळा, मत्ती म्हणजे ऐन, नंदी म्हणजे नाणा, हे बेळगावच्या माणसाला सांगावे लागत नाही, परंतु सिंधुदुर्गातून बदलून आलेल्या गार्डापुढे कन्नड परवाना आला की तो शिक्का पाहून गाडी सोडतो. शास्त्रीय नावासह तिन्ही राज्यांची एक समान यादी प्रत्येक नाक्यावर लावली, तर हा प्रश्न फारशा खर्चाविना सुटतो. जातीबद्दल वाद झालाच तर बंगळुरूच्या काष्ठविज्ञान व तंत्रज्ञान संस्थेकडे नमुना पाठवता येतो. तेथील अहवाल न्यायालयात उपयोगी पडतो.

वखारी आणि आरा गिरण्या यांकडेही याच नजरेने पाहावे. जंगलतोडीबाबतच्या गोदावर्मन प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर आरा गिरण्यांवरील नियंत्रण कडक झाले आणि आवक-जावकीची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. त्या नोंदवहीतील चिराई आणि गिरणीचे वीजबिल शेजारी ठेवून पाहिले की ज्या महिन्यात कागदावर काम नाही त्या महिन्यात करवत किती चालली याचा अंदाज येतो. ही तपासणी बसल्या जागी होते, तिला रात्रीची गस्त लागत नाही.

न्यायालयातील बाजूबद्दल थोडे कळकळीने लिहितो, कारण चांगली पकडलेली प्रकरणे तेथे सुटताना मी पाहिली आहेत. लाकूड अभयारण्यातून आले आहे असे दिसत असेल, तर केवळ राज्याच्या वन अधिनियमाखाली गुन्हा नोंदवून थांबू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ हा तिन्ही राज्यांत सारखाच लागू आहे आणि त्याच्या कलम २९ नुसार अभयारण्यातील वनोपज परवानगीशिवाय नेणे हा गुन्हा आहे. कलम ३९ नुसार गुन्ह्यात वापरलेले व जप्त झालेले वाहन आणि हत्यार सरकारची मालमत्ता मानले जाते. कलम ५० खाली सहायक वनसंरक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी जबाब नोंदवू शकतो, आणि तो आरोपीच्या समक्ष घेतला असेल तर पुराव्यात ग्राह्य धरला जातो. हे नेमके आंतरराज्य प्रकरणात कामाचे आहे, कारण चालक एका राज्यातील, वखारवाला दुसऱ्या राज्यातील आणि बुंधा तिसरीकडे असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करण्याची तरतूद आहे. वन कर्मचाऱ्यांनीही ही सवय लावून घ्यावी आणि चित्रणासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र त्याच वेळी तयार करावे. महजर, म्हणजे पंचनामा, कन्नडमध्ये असेल तर त्याचा मराठी अनुवाद प्रकरण पलीकडे पाठवतानाच जोडावा, नाही तर पहिल्या काही तारखा त्यातच जातात.

वाहन सोडवून नेणे हा ठेकेदाराचा हातखंडा उपाय असतो. जामिनासारखाच अर्ज करून गाडी अंतरिम ताब्यात मिळवायची आणि पुढच्या आठवड्यात ती पुन्हा त्याच रस्त्यावर आणायची. कर्नाटक राज्य विरुद्ध के. कृष्णन या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वन गुन्ह्यांतील वाहने सढळ हाताने सोडण्याबद्दल स्पष्ट नापसंती व्यक्त केली आहे. हा निकाल कर्नाटकाच्याच प्रकरणातील असूनही सरकारी वकिलापर्यंत तो वेळेवर पोहोचत नाही. तपास अधिकाऱ्याने कागदपत्रांसोबत त्याची प्रत स्वतः द्यावी, असा माझा आग्रह असतो. कर्नाटक वन अधिनियमाच्या कलम ७१-अ खाली वाहन सरकारजमा करण्याची कारवाई प्राधिकृत अधिकाऱ्यापुढे वेगळी चालवता येते. तीही जप्तीनंतर लगेच सुरू करावी.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, गावकऱ्यांनी काय करावे. प्रथम काय करू नये ते सांगतो. रात्री गाडीचा पाठलाग करू नका, रस्त्यात दगड टाकून गाडी अडवू नका. लाकडाच्या गाडीपुढे बहुधा मोटारसायकलवर एक माणूस रस्ता मोकळा आहे का ते पाहत असतो, आणि अशा झटापटीत जीव जातो तो गावातल्याच पोराचा. गाडीचा क्रमांक, वेळ, दिशा आणि ताडपत्रीखाली दिसलेला आकार एवढे जरी टिपले तरी ते पुरेसे असते. १९२६ हा वन खात्याचा टोल-फ्री क्रमांक कर्नाटकातही आहे आणि महाराष्ट्रातही. सीमेवर मोबाइल कोणत्या टॉवरला लागेल याचा नेम नसतो, म्हणून बोलायला सुरुवात करताना आधी राज्य, तालुका आणि गाव सांगा.

गवाळी, कोंगळा, पास्टोली, मेंडील, आमगाव, कृष्णापूर, देगाव ही गावे रानातच आहेत. तेथील माणसांना कोणत्या पायवाटेवर नवे चाकोरे पडले, कोणता ओढा ओंडके ओढल्याने गढूळ झाला, हे कोणत्याही यंत्राआधी कळते. पावसाळ्यात तर तेच एकमेव डोळे असतात. त्या दिवसांत पावसाच्या आवाजात करवतीचा आवाज बुडतो, बॅटरीवर चालणारी करवत असेल तर मुळीच ऐकू येत नाही, रस्ते बंद असल्याने गस्त कमी होते, आणि तोडलेले लाकूड दडवून ठेवून उघडीप झाल्यावर बाहेर काढले जाते. उपग्रहचित्रांवर माझा फारसा भरवसा नाही. सेंटिनेल-२ चे चित्र दहा मीटरच्या तुकड्यांचे असते आणि दर पाच दिवसांनी मिळते. सपाट तोड त्यात स्पष्ट दिसते, परंतु दाट सदाहरित छत्रीतून निवडून काढलेली चार झाडे दिसत नाहीत, आणि ढगांखाली तर काहीच दिसत नाही.

या गावांचा विश्वास टिकवायचा असेल तर सरपणाची मोळी आणणाऱ्या बाईवर गुन्हा नोंदवण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. वरिष्ठांना महिन्याचा आकडा दाखवण्यासाठी असे गुन्हे होतात, हे मी जवळून पाहिले आहे. ज्या घरातील बाईला दंड झाला, त्या घरातून पुन्हा कधी खबर मिळत नाही, आणि ठेकेदार नेमका त्याच घरी मजुरीचा निरोप घेऊन येतो. वाळलेल्या फांद्या आणि उभे झाड यांतला फरक गार्डालाही कळतो आणि कायद्यालाही कळू शकतो. २००६ च्या वन हक्क कायद्याच्या कलम ५ ने ग्रामसभेला आपल्या हद्दीतील वन, वन्यजीव आणि पाणलोट यांचे रक्षण करण्याचा अधिकार दिला आहे. ग्रामसभेच्या ठरावाने नेमलेल्या समितीने वर सांगितल्याप्रमाणे बुंध्यांची वही ठेवावी, प्रत्येक नोंदीवर दोन ग्रामस्थांच्या सह्या घ्याव्यात आणि महिन्यातून एकदा तिची प्रत रेंज (वनपरिक्षेत्र) कार्यालयाला देऊन पोच घ्यावी. ही पोच फार महत्त्वाची आहे, कारण पुढे त्याच घेराचे लाकूड पलीकडच्या वखारीत सापडले, तर तोड कधी झाली हे सिद्ध करायला दुसरा आधार नसतो.

पोच मिळूनही काहीच हालचाल झाली नाही, तर वन्यजीव अधिनियमाच्या कलम ५५ मध्ये नागरिकाला वाट ठेवली आहे : तक्रार करण्याच्या इराद्याची किमान साठ दिवसांची नोटीस रीतसर देऊन कोणतीही व्यक्ती न्यायालयात तक्रार दाखल करू शकते. मी ही वाट सरसकट सुचवत नाही, कारण चांगल्या रेंजरशी संबंध बिघडवून काही साधत नाही. परंतु ती आहे हे गावाला माहीत असावे आणि खात्यालाही.

सरकारकडे मागण्या करायच्या झाल्या तर मी तीनच करीन. पहिली, सीमेलगतच्या तालुक्यांत मालकी तोडीची परवानगी देण्यापूर्वी शेजारच्या राज्याच्या रेंजरला तिची प्रत जावी आणि तोडीनंतर दोघांनी मिळून बुंधे मोजावेत. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली तोडीला मनाई केली. अशी मनाई सीमेच्या एकाच बाजूला असते तेव्हा दुसऱ्या बाजूच्या परवानग्यांवर अधिक बारीक लक्ष ठेवावे लागते. दुसरी, वाहतूक परवान्यावर निघण्याची वेळ, मार्ग आणि तासांतील मुदत असावी. २९ डिसेंबर २०२३ रोजी देशभरासाठी सुरू झालेल्या राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणालीत क्यूआर कोड असलेला परवाना मिळतो, त्यामुळे एकाच कागदावर दुसरी खेप करणे अवघड होते. पण नाक्यावरचा गार्ड तो कोड प्रत्यक्षात तपासणार असेल तरच, आणि कणकुंबी किंवा अनमोडसारख्या ठिकाणी पावसाळ्यात नेटवर्क जाते तेव्हा काय करायचे याची लेखी रीत ठरलेली असेल तरच. तिसरी मागणी नाक्यावरच्या माणसांची. जेथे एकच वॉचर रात्रभर अडसर उचलतो आणि पाडतो, तेथे तळाच्या ओंडक्यापर्यंत गाडी रिकामी करून पाहणे त्याला शक्यच नसते. निदान दोन माणसे, एक वजनकाटा आणि माल उतरवायला मजुरांची सोय एवढे असल्याशिवाय जळाऊ लाकडाच्या गाडीची तपासणी होऊ शकत नाही.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर पाऊस उघडल्यावर, रस्ते वाहते होण्याआधीच्या आठवड्यांत करा. पावसाळ्यात पाडलेली झाडे तेव्हा अजून रानातच पडलेली असतात, बुंधे ओळखू येण्याइतके ताजे असतात आणि लाकूड जागेवर सापडले तर कोणत्याही परवान्याचा प्रश्नच उद्भवत नाही. वहीसाठी जाड पुठ्ठ्याची, क्रमांक छापलेल्या पानांची वही घ्या आणि पेन्सिलीने लिहू नका.